यू-गी-ओह! मूळ मांगा मालिका क्रमाने कशी वाचावी

‘यू-गी-ओह!’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मनगटावर यंत्र बांधलेली मुले, हवेत अवतरणारे ड्रॅगन आणि हातात धरलेली कार्डे येतात. ही ओळख खोटी नाही, पण ती कथेच्या मधूनच झालेली ओळख आहे. काझुकी ताकाहाशी यांनी ही कथा मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, रूपात सप्टेंबर १९९६ मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू केली आणि मार्च २००४ मध्ये संपवली. या साडेसात वर्षांत तिची ३४३ प्रकरणे झाली आणि त्यांचे ३८ खंड निघाले. त्यांपैकी पहिल्या सात खंडांत कार्डांचा खेळ अधूनमधूनच डोकावतो. तिथे खेळ असतो तो चाकूचा, विंचवाचा, फाशांचा, तापलेल्या तव्याचा, आणि प्रत्येक खेळात हरणाऱ्याला काहीतरी गमवावे लागते. कार्डांचे डाव पुढे जीवघेणे का होतात, हे या सात खंडांशिवाय नीट कळत नाही. नवा वाचक हीच पाने ओलांडून थेट कार्डांकडे जातो आणि कथेचा पायाच हरवून बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून हे मार्गदर्शन पहिल्या पानापासून शेवटच्या डावापर्यंत क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी: कोणती आवृत्ती घ्यावी

इंग्रजीतून वाचणाऱ्याची पहिली अडचण नावांची असते. अमेरिकेतील विझ या प्रकाशनसंस्थेने एकच सलग मालिका तीन वेगवेगळ्या नावांनी छापली. मूळ १ ते ७ हे खंड ‘यू-गी-ओह!’ या नावाने निघाले, ८ ते ३१ हे चोवीस खंड ‘यू-गी-ओह! ड्युएलिस्ट’ या नावाने आणि ३२ ते ३८ हे सात खंड ‘यू-गी-ओह! मिलेनियम वर्ल्ड’ या नावाने. प्रत्येक नावाखाली क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत असल्यामुळे दुकानात किंवा जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘ड्युएलिस्ट, खंड १’ हाती लागला की ती कथेची सुरुवात वाटते. प्रत्यक्षात तो मूळ मालिकेचा आठवा खंड असतो. सुटे खंड जमवायचे असतील, तर ‘ड्युएलिस्ट’च्या क्रमांकात सात आणि ‘मिलेनियम वर्ल्ड’च्या क्रमांकात एकतीस मिळवावेत, म्हणजे मूळ क्रमांक मिळतो.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे तीन-तीन खंड एकत्र बांधलेली आवृत्ती. ती तेरा पुस्तकांत पूर्ण होते, तिच्या मुखपृष्ठावर एकच नाव आहे आणि क्रमांकही सलग आहेत. मात्र तिच्या तिसऱ्या पुस्तकात सातवा, आठवा आणि नववा खंड एकत्र आल्यामुळे जुने पर्व संपून नवे सुरू होण्याची जागा पुस्तकाच्या मध्येच येते. तिथे एखादी खूण घालून ठेवावी आणि एक दिवस थांबून मगच पुढे जावे, असे मी सुचवेन. पडद्यावर वाचण्याची सवय असेल, तर विझची अधिकृत सशुल्क वाचनसेवा भारतातूनही घेता येते.

ज्याने पूर्वी कधीही मांगा वाचलेला नाही, त्याने एवढेच लक्षात ठेवावे की पुस्तक उजवीकडून उघडते, पानावरील चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात आणि एका चौकटीतले संवादांचे फुगेही त्याच क्रमाने वाचायचे असतात. पहिल्या वीस पानांत डोळा अडखळतो, नंतर सवय होते. डावाच्या प्रसंगात मात्र हा क्रम चुकला, तर आधी उत्तर आणि मग चाल दिसते, म्हणून तिथे घाई करू नये.

दुसरी पायरी: नावे जुळवून घेणे

ज्यांनी ही कथा इंग्रजी भाषांतरित ॲनिमेशन मालिकेतून पाहिली आहे, त्यांनी वाचायला बसण्यापूर्वी काही नावे कागदावर लिहून ठेवावीत. तिथला जोई म्हणजे इथला जोनोउची, टिया म्हणजे आन्झू आणि ट्रिस्टन म्हणजे होंडा. युगी, कायबा, मोकुबा आणि बाकुरा यांची नावे तशीच आहेत.

या नावांना अर्थही आहेत. ‘युगी’ या शब्दाचा अर्थच खेळ, आणि ‘ओ’ म्हणजे राजा. त्यामुळे मालिकेचे नाव ‘खेळांचा राजा’ असे होते. युगीचे आजोबा सुगोरोकू खेळांचे दुकान चालवतात आणि त्यांचे नाव सापशिडी किंवा सारीपाटाशी नाते सांगणाऱ्या एका जुन्या जपानी पटाच्या खेळावरून आलेले आहे. युगीतला ‘यु’ आणि जोनोउचीतला ‘जो’ एकत्र केले की ‘युजो’, म्हणजे मैत्री, हा जपानी शब्द तयार होतो. हा शब्दखेळ वरवरचा वाटेल, पण मालिकेतला सर्वात कठीण डाव याच दोघांमध्ये होतो आणि तिथे पोहोचल्यावर या जोडशब्दाची आठवण यावीच लागते.

तिसरी पायरी: पहिले सात खंड, अजिबात न गाळता

कथेची सुरुवात अगदी साधी आहे. डोमिनो नावाच्या शहरात शाळेत जाणारा, बुटका, एकटा पडलेला युगी प्राचीन इजिप्तमधून आलेले सोन्याचे कोडे जोडत बसतो आणि आठ वर्षांनी ते पूर्ण करतो. कोडे पूर्ण झाल्यावर त्याच्या शरीरात दुसरे कोणीतरी जागे होते. हा दुसरा युगी अन्याय करणाऱ्याला मारत नाही, दरडावतही नाही. तो त्याला खेळायला बोलावतो. या खेळाला मालिकेत ‘अंधाराचा खेळ’ म्हणतात. त्यात लबाडी करणाऱ्याला किंवा हरणाऱ्याला शिक्षा होते. जपानमध्ये मित्रांच्या मेळाव्यात हरणाऱ्याने काहीतरी गमतीदार प्रायश्चित्त घ्यायची रीत आहे आणि तिला ‘शिक्षेचा खेळ’ असेच म्हणतात. ताकाहाशींनी तो घरगुती शब्द तसाच उचलला आणि त्यात भय भरले. जपानी वाचकाला तो शब्द ऐकून आधी हसू आणि मग काटा का येत असेल, हे त्यावरून समजते.

या सात खंडांतली बहुतेक प्रकरणे सुटी आहेत. एखादा गुंड, एखादा लोभी दुकानदार, एखादा पळालेला कैदी येतो आणि एका खेळात त्याचा निकाल लागतो. ती वाचताना प्रत्येक वेळी चार प्रश्न स्वतःला विचारावेत: पणाला काय लागले आहे, नियम कोणी ठरवले, नियम कोणी आणि केव्हा मोडला, आणि शिक्षा नेमकी त्याच दोषाला लागू पडते का. पहिल्याच प्रकरणाचे उदाहरण घेऊ. उशिओ नावाचा दांडगा विद्यार्थी युगीला ‘संरक्षण’ देतो आणि त्याबद्दल दोन लाख येन मागतो. रात्री शाळेत दुसरा युगी त्याच्यापुढे खेळ मांडतो: हाताच्या पाठीवर नोटा ठेवायच्या, वरून चाकू मारायचा आणि जितक्या नोटा चाकूला लागतील तितक्या घ्यायच्या. जोर जास्त लावला तर आपलाच हात फुटणार. म्हणजे खेळ हा शक्तीचा नाही, लोभ आवरण्याचा आहे. उशिओला लोभ आवरत नाही, तो नियम मोडून चाकू घेऊन अंगावर येतो, आणि त्याला मिळणारी शिक्षा अशी की त्याला सगळीकडे पैसेच पैसे दिसू लागतात आणि तो पालापाचोळा कवटाळत बसतो. प्रश्न चार आणि उत्तरे एकाच सूत्रात ओवलेली, अशी ही रचना आहे.

पुढचे काही खेळही याच कसोटीवर लावून पाहावेत. एका उपाहारगृहात पळालेला कैदी आन्झूला ओलीस धरतो आणि दुसरा युगी त्याच्यासमोर बसून दहापैकी फक्त एक बोट हलवण्याचा खेळ मांडतो. शाळेच्या जत्रेत तापलेल्या लोखंडी तव्यावर बर्फाच्या तुकड्याने हॉकी खेळली जाते आणि त्या बर्फात स्फोटक गोठवलेले असते. या प्रकरणांत कार्डे नाहीत, राक्षस नाहीत, तरीही पुढच्या तीस खंडांचे व्याकरण इथेच घडते. खेळ दोघांना समान संधी देतो आणि दडपणाखाली माणूस जसा आहे तसा उघडा पाडतो. महाभारतातले द्यूत ज्याने लहानपणापासून ऐकले आहे, त्याला पण लावून खेळलेल्या खेळाची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की तिथे कपटी फासे जिंकतात आणि इथे कपट करणाराच अडकतो.

याच भागात शादी नावाचा इजिप्शियन पाहुणा येतो. त्याच्याजवळच्या किल्लीने माणसाच्या मनात शिरता येते. तो युगीच्या मनात शिरतो तेव्हा त्याला समोरासमोर दोन खोल्या दिसतात. एकीत लहान मुलाची खेळणी पसरलेली आहेत आणि दुसरीत जिने-दारांचा न संपणारा चक्रव्यूह आहे. हे चित्र लक्षपूर्वक पाहून ठेवावे, कारण शेवटच्या सात खंडांत कथा पुन्हा त्याच चक्रव्यूहाकडे परतते.

पालकांसाठी एक सूचना इथेच करणे योग्य ठरेल. या खंडांत मारहाण, रक्त, गुंडगिरी आणि काही ठिकाणी मुलींकडे पाहण्याची त्या काळच्या किशोरवाचनातली असभ्य नजरही आहे. तेरा वर्षांखालील मुलाच्या हाती ते एकट्याने देऊ नयेत. चाकूचा किंवा विंचवाचा खेळ हे अनुकरणाचे विषय नाहीत, हे मोठ्यांनी सोबत बसून सांगावे.

चौथी पायरी: कायबा आणि कार्डांचा प्रवेश

कार्डांचा खेळ नवव्या-दहाव्या प्रकरणात येतो. मांगामध्ये त्याचे नाव ‘मॅजिक अँड विझार्ड्स’ आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाची छाया त्या नावावर उघड दिसते. ताकाहाशींना तो इतर अनेक खेळांपैकी एक म्हणून केवळ दोन प्रकरणांपुरता वापरायचा होता. पण वाचकांनी त्याच खेळाविषयी इतकी विचारणा केली की तो परत आणावा लागला आणि हळूहळू सगळी कथा त्याच्याभोवती फिरू लागली.

या दोन प्रकरणांत सेतो कायबा युगीच्या आजोबांचे ‘निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन’ हे दुर्मीळ कार्ड चोरतो. हा मुलगा हुशार आहे, श्रीमंत आहे आणि हरणे म्हणजे मरणे असे मानतो. हरल्यावर त्याला जी शिक्षा मिळते ती मृत्यूचा अनुभव देणारी असते, आणि चौथ्या-पाचव्या खंडांत तो त्याची परतफेड म्हणून एक संपूर्ण मनोरंजन उद्यान मृत्यूच्या सापळ्यांनी भरून टाकतो. हे पर्व एका बैठकीत वाचावे. शेवटच्या डावात कायबाकडे तीन पांढरे ड्रॅगन उभे असतात आणि युगीच्या हातात एका बांधलेल्या राक्षसाचे पाच तुकडे एकेक करून येत असतात. पाचवा तुकडा काढतानाचे पान उलटण्यापूर्वी थांबून आधीचे चार तुकडे कोणत्या चौकटीत आले ते मागे जाऊन पाहावे. ताकाहाशी डाव कसा विणतात याची पहिली शिकवणी तिथे मिळते.

सहाव्या-सातव्या खंडांत बाकुराबरोबर टेबलावर मांडलेला भूमिका-खेळ आहे, ज्यात फासे टाकून साहसी पात्रे चालवायची असतात. पुष्कळ वाचक हे पर्व कार्डांकडे जाण्याची वाट म्हणून भरभर उलटतात. तसे करू नये. याच पर्वातले फासे, यातला सैतान आणि यातली टेबलावरच्या पटाची कल्पना कथेच्या शेवटी मोठ्या रूपात परत येते.

पाचवी पायरी: डाव वाचण्याची वही

आठव्या खंडापासून कार्डांचे सलग डाव सुरू होतात. कार्डांचा निर्माता पेगासस एका व्हिडिओ-टेपमधून युगीशी खेळतो, आजोबांचा आत्मा कैद करतो आणि त्याला आपल्या बेटावरच्या स्पर्धेला यायला भाग पाडतो. प्रत्येक खेळाडूला ताऱ्याच्या दोन चकत्या मिळतात, त्या पणाला लावून खेळायचे असते आणि दहा जमल्या की पेगाससच्या किल्ल्यात प्रवेश मिळतो. जोनोउची तिथे बक्षिसाच्या रकमेसाठी जातो, कारण त्याच्या बहिणीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया व्हायची असते.

इथून पुढे एक साधी वही जवळ ठेवावी. पान उभे दुभागावे, डावीकडे एका खेळाडूचे आणि उजवीकडे दुसऱ्याचे नाव लिहावे. प्रत्येक फेरीला चारच गोष्टी नोंदवाव्यात: उरलेले जीवनगुण (ते शून्यावर आले की खेळाडू हरतो), पटावर उघडे असलेले राक्षस, पालथी ठेवलेली कार्डे आणि हातात शिल्लक राहिलेली कार्डे. राक्षसाच्या कार्डावर आक्रमण आणि बचाव असे दोन आकडे असतात. पांढऱ्या ड्रॅगनचे ते ३००० आणि २५०० आहेत, युगीच्या आवडत्या काळ्या जादूगाराचे २५०० आणि २१००. कार्ड उभे ठेवले तर ते हल्ला करते आणि आडवे ठेवले तर बचाव करते. हे एवढे कळले की कोणताही डाव वाचता येतो. सर्वात महत्त्वाची नोंद पालथ्या कार्डांची असते, कारण ताकाहाशी उत्तर बहुधा तीन-चार पाने आधीच पटावर ठेवून देतात आणि आपले लक्ष दुसरीकडे वळवतात.

बेटावरच्या पर्वात जीवनगुण २००० असतात आणि मोठा राक्षस उतरवण्यासाठी लहान राक्षसाचा बळी द्यावा लागत नाही. नियम इथे सैल आहेत, आणि खऱ्या खेळाची सवय असलेला वाचक त्यावरून वैतागतो. समुद्रावरच्या एका डावात युगी आपल्या दगडी सैनिकाला शत्रूच्या राक्षसावर नव्हे, तर पटावरच्या चंद्रावर वार करायला सांगतो. चंद्र फुटतो, ओहोटी लागते आणि पाण्यात लपलेले राक्षस उघड्यावर पडतात. नियमपुस्तकात असे कुठेही बसत नाही. पण पहिल्या सात खंडांतून आलेल्या वाचकाला यात खटकण्यासारखे काही नसते, कारण तापलेला तवा काय आणि भरती-ओहोटी काय, परिस्थितीतली प्रत्येक वस्तू खेळात धरायची, हीच या लेखकाची मूळ रीत आहे. माझ्या मते बेटावरचे डाव पुढच्या शिस्तबद्ध डावांपेक्षा अधिक कल्पक आहेत.

या पर्वात दोन डाव विशेष सावकाश वाचावेत. पहिला किल्ल्याच्या तटावरचा, जिथे कायबा कड्याच्या टोकाशी उभा राहतो आणि युगीने हल्ला केला तर आपण खाली पडू, हे त्याच्यासमोर स्पष्ट करतो. तिथे कार्डांची संख्या निर्णायक नसते. कोणता युगी कोणत्या क्षणी हात आवरतो हे निर्णायक असते, आणि आतापर्यंत निर्दोष वाटणाऱ्या दुसऱ्या युगीबद्दल वाचकाला पहिल्यांदा शंका येते. दुसरा डाव पेगाससबरोबरचा. पेगाससचा सोन्याचा डोळा समोरच्याचे मन वाचतो, म्हणजे हातातली सगळी कार्डे त्याला ठाऊक असतात. यावर युगीजवळ असलेला उपाय त्याच्या दोन मनांतूनच निघतो. शादीने पाहिलेल्या दोन खोल्या ज्याला आठवतात, त्याला हा उपाय आधीच सुचू शकतो.

बेट संपल्यावर ओतोगी नावाच्या मुलाबरोबर फाशांच्या खेळाचे एक छोटे पर्व येते. ते एका दिवसात वाचून होते आणि तिथे वहीची गरज नाही.

सहावी पायरी: शहरातली स्पर्धा

साधारण सतराव्या खंडापासून एकतिसाव्या खंडापर्यंत पसरलेले हे सर्वात लांब पर्व आहे. कायबा संपूर्ण डोमिनो शहरालाच स्पर्धेचे मैदान करतो. इथे नियम पक्के होतात: जीवनगुण ४०००, बलाढ्य राक्षसासाठी बळी आवश्यक, आणि हरणाऱ्याने आपले सर्वात दुर्मीळ कार्ड जिंकणाऱ्याला द्यायचे. वहीतली नोंद इथे अधिक उपयोगी पडते, कारण आता बहुतेक चाली खरोखर तपासून पाहता येतात.

पण याच पर्वात कार्डांभोवतीचा धोका पुन्हा शरीराला भिडतो. जादूगाराच्या वेषातला एक खेळाडू युगीला अशा ठिकाणी खेळवतो जिथे दोघांचे पाय जखडलेले असतात आणि जीवनगुण कमी होतील तसतशी फिरती करवत जवळ येत जाते. काचेच्या छतावर आणखी एक डाव होतो, जिथे हरणाऱ्याच्या पायाखालची काच स्फोटाने फुटणार असते. आणि मग धक्क्यावरचा तो डाव येतो, ज्याच्यासाठी ‘युजो’ हा शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. मारिक हा शत्रू जोनोउचीच्या मनाचा ताबा घेतो आणि त्याला युगीसमोर उभा करतो. दोघांचे पाय एकाच नांगराला साखळीने बांधलेले असतात, नांगर समुद्रावर टांगलेला असतो, वेळ संपली की तो पाण्यात पडणार असतो आणि जिंकणाऱ्याचीच साखळी सुटणार असते. या डावापुरती वही बाजूला ठेवावी. इथे दुसरा युगी नाही, लहान युगी स्वतःच खेळतो, आणि तो जिंकण्यासाठी खेळत नाही. पहिल्या प्रकरणात जोनोउचीने कोड्याचा पाण्यात पडलेला तुकडा भिजत शोधून आणून दिला होता. वीसहून अधिक खंड मागचे ते पाणी आणि हा समुद्र यांचा संबंध लेखकाने कुठेही शब्दांत सांगितलेला नाही, तो वाचकाने जोडायचा आहे.

यानंतर विमानात आणि उंच मनोऱ्यावर होणारे अंतिम फेरीचे डाव लांबतात. इजिप्शियन देवांच्या तीन दैवी कार्डांची शक्ती वाढत जाते तसा डावातला डावपेच काही ठिकाणी पातळ होतो, हे मान्य करायला हवे. कंटाळा आला तर एक-एक डाव एक-एक दिवस वाचावा. मात्र कायबा आणि युगी यांचा उपांत्य डाव तुकड्यांत वाचू नये.

सातवी पायरी: शेवटचे सात खंड

बत्तिसाव्या खंडापासून कथा प्राचीन इजिप्तमध्ये जाते आणि दुसरा युगी आपले विसरलेले नाव शोधू लागतो. हा भाग सुरू करण्याआधी सहावा आणि सातवा खंड पुन्हा एकदा वाचावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. इजिप्तचे हे पर्व इतिहासाची सफर नसून टेबलावर मांडलेला एक भूमिका-खेळच आहे, पात्रे त्यातल्या सोंगट्या आहेत, आणि सैतानाचे नावही बाकुराच्या त्या जुन्या पटावरचेच आहे. ज्याने सुरुवातीचे खंड गाळले, त्याला हे पर्व अचानक आणि गोंधळाचे वाटते. ज्याने ते वाचले आहेत, त्याला लेखकाने वर्षानुवर्षे हातात धरून ठेवलेले पालथे कार्ड उघडताना दिसते.

अडतिसाव्या खंडातला शेवटचा डाव दोन युगींमधला आहे. त्याचा निकाल इथे सांगत नाही. वही पुन्हा उघडून तो शेवटपर्यंत नोंदवावा, विशेषतः युगीने एका सोन्याच्या पेटीच्या कार्डात काय ठेवले आहे याचा अंदाज पेटी उघडण्यापूर्वी लिहून ठेवावा.

त्यानंतर काय वाचावे आणि पाहावे

ताकाहाशींच्या देखरेखीखाली अकिरा इतो यांनी काढलेली ‘यू-गी-ओह! आर’ ही पाच खंडांची मालिका शहरातली स्पर्धा आणि इजिप्तचे पर्व यांच्या मधल्या काळात घडते; ती मूळ मालिका पूर्ण झाल्यावरच वाचावी. २०१६ साली ताकाहाशींनी एक छोटी दोन भागांची कथा काढली आणि त्याच वर्षी जपानमध्ये ‘द डार्क साइड ऑफ डायमेन्शन्स’ हा चित्रपट आला. त्याची कथा त्यांचीच आहे आणि ती मांगाच्या शेवटानंतरची आहे. या नावाने पुढे आलेल्या इतर मालिकांची पात्रे निराळी आहेत आणि त्या सवडीने वाचता येतात.

ॲनिमेशनबाबत दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. १९९८ ची २७ भागांची पहिली मालिका सुरुवातीच्या सात खंडांवर सैलपणे बेतलेली आहे. जगभर गाजलेली २००० ते २००४ मधली २२४ भागांची मालिका मात्र हे खंड जवळजवळ वगळून कार्डांपासून सुरू होते. तिच्या अमेरिकी भाषांतरात मृत्यूचे उल्लेख काढून त्यांच्या जागी ‘छायेचे जग’ नावाची कल्पना घातली गेली आणि करवतीच्या जागी चमकणारी चक्रे आली. लहान मुलांसाठी ती सोय होती, पण डाव जीवघेणा आहे हेच त्यातून पुसले गेले.

जुलै २०२२ मध्ये ताकाहाशी ओकिनावाच्या समुद्रात मरण पावले, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. किनाऱ्याजवळच्या प्रवाहात सापडलेल्या लोकांना वाचवण्यासाठी ते पाण्यात उतरले होते, हे काही महिन्यांनी समोर आले. धक्क्यावरचा डाव त्यानंतर पुन्हा वाचताना मला ती पाने लवकर उलटता आली नाहीत.

स्वतः खेळून पाहायचे असेल तर

कोनामी कंपनीने हा खेळ प्रत्यक्ष कार्डांच्या रूपात १९९९ साली जपानमध्ये आणला. त्याचे आजचे नियम मांगापेक्षा बरेच वेगळे आहेत: जीवनगुण ८०००, गड्डीत ४० ते ६० कार्डे, सुरुवातीला हातात पाच कार्डे, आणि पहिली फेरी खेळणाऱ्याने नवीन कार्ड काढायचे नाही. मांगा वाचून थेट या खेळात उतरलेला माणूस दोन-तीन फेऱ्यांतच हरतो, कारण आजच्या डावात एका फेरीत कार्डांची लांबलचक साखळी चालते. शहरातल्या स्पर्धेच्या गतीने खेळायचे असेल, तर ‘स्पीड ड्युएल’ हा प्रकार निवडावा. त्यात जीवनगुण ४००० आणि गड्डी २० ते ३० कार्डांची असते. पैसे खर्च न करता नियम शिकण्यासाठी २०२२ मध्ये आलेला ‘मास्टर ड्युएल’ हा संगणक आणि मोबाइलवरचा मोफत खेळ पुरेसा आहे.

कार्डे विकत घेताना खेळण्यांच्या दुकानात किंवा रस्त्यावर अगदी स्वस्तात मिळणाऱ्या पाकिटांपासून सावध राहावे, कारण त्यांत बहुधा नकली कार्डे असतात. खऱ्या कार्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लहान चौकोनी चकचकीत शिक्का असतो आणि बहुतेक कार्डांच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आठ आकडी क्रमांक असतो. छपाई पुसट असेल, अक्षरांत चुका असतील किंवा दहा रुपयांच्या पाकिटात तिन्ही दैवी कार्डे एकदम निघत असतील, तर ती कार्डे घरी हौसेने खेळायला चालतील, पण स्पर्धेत स्वीकारली जाणार नाहीत. घरी खेळताना मात्र एकदा तरी बेटावरच्या पद्धतीने, २००० जीवनगुण ठेवून आणि बळीचा नियम सोडून खेळावे, आणि पटावर ठेवलेल्या एखाद्या वस्तूला, दिव्याला किंवा पाण्याच्या पेल्याला, डावात स्थान द्यायचे का, हे दोघांनी खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.